पहिली मोहिनी : कमलाबाई गोखले

चित्रपटांत स्त्रीची भूमिका स्त्रीनेच करावी, यात आज आपणांस नवल वाटत नाही. परंतु 1913 साली दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ काढला, तेव्हा तारामतीच्या भूमिकेसाठी त्यांना स्त्री मिळू शकली नाही. ती अण्णा साळुंके या पुरुषाने केली. कुलीन स्त्रीने तोंडाला रंग लावणे त्या काळी निंद्य मानले जाई.

पतीपासून विभक्त झालेल्या दुर्गाबाई कामत यांनी उदरनिर्वाहासाठी ही निंदा पत्करली. फाळक्यांच्या ‘मोहिनी भस्मासुर’ या मूकपटात त्या पार्वती झाल्या आणि मोहिनी झाली त्यांची कन्या कमला. ती तेव्हा आपल्या शाळेतील मुलींच्याच वयाची होती!

पुढे कमलेचा विवाह नट रघुनाथराव गोखले यांच्याशी झाला. परंतु ऐन तारुण्यात तिच्यावर वैधव्य ओढवले. कमलाबाईंनी रंगभूमी सोडली नाही. तिच्याच आधारावर त्यांनी तीन मुलगे वाढविले. त्यांपैकी चंद्रकांत नामवंत नट झाले, तर लालजी व सूर्यकांत तबलावादक.

ज्या व्यवसायाला समाजाने नावे ठेवली, त्यानेच एका मातेचे घर सावरले. म्हणून कोणाच्याही कष्टाच्या भाकरीला हीन लेखण्यापूर्वी आपण कमलाबाईंचे स्मरण करावे.