निवृत्तांचे डोळे, दात आणि कान : विम्याची मर्यादा व शासकीय आधार

सेवानिवृत्तीनंतरच्या आरोग्याचा विचार करताना हृदयविकार, पक्षाघात यांसारख्या मोठ्या आजारांकडे साहजिकच प्रथम लक्ष जाते. परंतु वृद्धाचे दैनंदिन जीवन अनेकदा अडते ते दृष्टी, दात व श्रवण या तीन बाबींवर. दिसेनासे झाले की बँकेचे पासबुकही दुसऱ्याकडून वाचून घ्यावे लागते. दात गेले की भाकरी सुटते व आहार निकस होतो. ऐकू येईनासे झाले की माणूस घरातील बोलण्यातून आणि पुढे ग्रामसभेतूनही बाजूला पडतो. या तिन्हींचा खर्च कोण उचलतो, हे निवृत्तीपूर्वीच जाणून घेणे म्हणूनच आवश्यक आहे.

विम्याची कक्षा

आपल्याकडील आरोग्य विम्याची रचना मुख्यतः रुग्णालयात होणाऱ्या उपचारांच्या खर्चासाठी झालेली आहे. त्यामुळे या तीन बाबींपैकी मोतीबिंदूची शस्त्रक्रिया विम्यात बसते. चष्मा, कवळी व श्रवणयंत्र यांचा खर्च मात्र सर्वसाधारण पॉलिसीत मिळत नाही. दातांच्या नेहमीच्या उपचारांचीही बहुधा हीच स्थिती असते.

मोतीबिंदूच्या बाबतीतही दोन अटी ध्यानात ठेवावयास हव्यात. विमा नियामक प्राधिकरणाने २०२० मध्ये सुरू केलेल्या 'आरोग्य संजीवनी' या प्रमाणित पॉलिसीचे उदाहरण घेता येईल. तीत मोतीबिंदूसाठी २४ महिन्यांचा प्रतीक्षाकाळ ठेवण्यात आला, आणि एका डोळ्यासाठी विमा रकमेच्या २५ टक्के किंवा ४०,००० रुपये, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती मर्यादा ठरविण्यात आली. म्हणजे एक लाखाच्या विम्यावर एका डोळ्यास २५,००० रुपयांपर्यंतच भरपाई मिळते. दोन लाखांच्या विम्यावर २५ टक्के म्हणजे ५०,००० रुपये होतात; तथापि मर्यादा ४०,००० रुपयांचीच राहते. विम्याची रक्कम मोठी दिसली तरी पोटमर्यादा वाचल्याशिवाय सही करू नये, हा यातील धडा होय.

वयाच्या ६५ वर्षांनंतर नवी पॉलिसी घेण्यातील अडसर २०२४ च्या नियमांनी दूर झाला. पूर्वीपासून असलेल्या आजारांसाठीचा कमाल प्रतीक्षाकाळही त्याच वर्षी चार वर्षांवरून तीन वर्षांवर आणण्यात आला. तरीही प्रतीक्षाकाळ आहेच. म्हणून मोतीबिंदूचे निदान होण्याची वाट न पाहता सेवेत असतानाच विमा घेणे हिताचे ठरते.

शासकीय आधार

२९ ऑक्टोबर २०२४ रोजी आयुष्मान भारत योजनेची व्याप्ती ७० वर्षे व त्यावरील सर्व नागरिकांपर्यंत वाढविण्यात आली. त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. कुटुंबास वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण मिळते. मात्र बाह्यरुग्ण उपचार या योजनेत येत नाहीत. साहजिकच चष्म्याचा नंबर काढणे किंवा कवळी बसविणे तीतून साधत नाही.

ही उणीव भरून काढण्यासाठी इतर योजनांकडे वळावे लागते. १ एप्रिल २०१७ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय वयोश्री योजनेतून ६० वर्षांवरील गरजू नागरिकांना चष्मा, कवळी, श्रवणयंत्र, काठी, चाकाची खुर्ची अशी साधने विनामूल्य देण्याची तरतूद करण्यात आली. साधनांचे वाटप कानपूरच्या 'अलिम्को' या सार्वजनिक उपक्रमामार्फत शिबिरांतून होते. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये मुख्यमंत्री वयोश्री योजना आणली. ६५ वर्षे पूर्ण झालेल्या व कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असलेल्या व्यक्तीच्या बँक खात्यात अशा साधनांसाठी एकवेळ ३,००० रुपये जमा करण्याची तरतूद तीत आहे. १९७६ पासून चालू असलेल्या अंधत्व नियंत्रण कार्यक्रमात शासकीय रुग्णालयांतून मोतीबिंदूची शस्त्रक्रिया विनामूल्य होते, हेही विसरता कामा नये.

केंद्र शासनाच्या निवृत्तांना केंद्रीय आरोग्य योजनेचा मार्ग खुला आहे. दहा वर्षांची वर्गणी एकरकमी भरल्यास आजीव सदस्यत्व मिळते. दंतोपचार आणि ठरावीक मर्यादेत श्रवणयंत्राचा खर्च या योजनेतून मिळू शकतो.

कोणी काय करावे

निवृत्तीस दोन-तीन वर्षे उरली असता प्रत्येक कर्मचाऱ्याने डोळे, दात व कान तपासून घ्यावेत. विमा अर्जात जुना आजार लपवू नये. लपविलेली माहिती पुढे दावा नाकारण्यास कारण होते. चष्मा, कवळी व श्रवणयंत्र यांसाठी निवृत्तीच्या रकमेतून वेगळी तरतूद ठेवावी.

शिक्षक व पंचायत सदस्य यांची जबाबदारी याहून मोठी आहे. ज्याला ऐकू येत नाही त्याच्यापर्यंत दवंडी पोहोचत नाही, आणि ज्याला दिसत नाही त्याला सूचनाफलक वाचता येत नाही. योजनेची सर्वाधिक गरज असणारी व्यक्तीच तिच्या माहितीपासून दूर राहते. यास्तव गावातील ६० वर्षांवरील व्यक्तींची यादी घरोघर जाऊन करावी, प्रत्येकापुढे 'दृष्टी, दात, श्रवण' अशी नोंद ठेवावी, आणि आधार व बँक खाते यांची जोडणी शिबिरापूर्वीच पूर्ण करून घ्यावी. श्रवणयंत्र दिल्यानंतर ते वापरले जाते की पेटीत पडून राहते, याची महिन्याभराने विचारपूस व्हावी. साधन हाती पडणे ही योजनेची केवळ सुरुवात आहे. वृद्ध पुन्हा बोलण्यात, वाचण्यात व पंगतीत सहभागी होणे, हे तिचे खरे फलित होय.