पंढरपूरची दोन दिवसांची सहल : नियोजन मुलांना करू द्या



‘सहलीचे नियोजन’ हा विषय आपण पाचवी ते आठवीच्या मुलांना बहुतेक वेळा निबंधापुरताच देतो. मग पहाटे उठलो, गाडीत गाणी म्हटली, खूप मजा आली, असं लिहून वही आपल्याकडे येते. नियोजन त्यात कुठेच नसतं, कारण ते मोठ्यांनी आधीच उरकलेलं असतं. तुमच्या घरी किंवा शाळेत पंढरपूरला जायची गोष्ट निघाली, तर एकदा उलटं करून बघा. तारीख, वेळ, खर्च, नदीवर कुठे आणि किती थांबायचं, हे मुलांना ठरवू द्या. आपण फक्त प्रश्न विचारायचे.

आपली सवय अशी, की पहिला प्रश्न ‘राहायचं कुठे?’ हा असतो. तो नंतर. पहिला प्रश्न तारखेचा. भिंतीवरची दिनदर्शिका मुलांच्या समोर ठेवा. आषाढी, कार्तिकी, माघी आणि चैत्री या चार मोठ्या वाऱ्या त्यांना सापडतीलच. पण दर महिन्याच्या शुद्ध एकादशीला नेमाने येणारे वारकरीही असतात, हे सांगावं लागतं. आता विचारा : दिवाळीच्या सुट्टीत जायचं का? पटकन ‘हो’ येईल. मग पाडव्यावर बोट ठेवायला सांगा. पाडवा म्हणजे कार्तिक शुद्ध प्रतिपदा. तिथून दहा दिवस मोजले की बोट कार्तिकी एकादशीवर येतं! (तिथीची वृद्धी किंवा क्षय असेल तर एखादा दिवस इकडेतिकडे.) गुढीपाडवा आणि चैत्रीचंही हेच गणित. म्हणजे पौर्णिमा उलटल्यावर, वद्य पक्षातला मधल्या वारचा दिवस सोयीचा, हे मुलं स्वतःच काढतात. वारीचा अनुभव मोठा आहे, पण लहान मुलांना पहिल्यांदा नेताना तो नको, असं मला वाटतं.

दुसरा प्रश्न नदीचा, आणि इथे घाई करू नका. महाराष्ट्राचा नकाशा काढा. चंद्रभागा म्हणजे भीमाच. पंढरपूरजवळ ती चंद्रकोरीसारखी वळते म्हणून हे नाव. मुलांना भीमाशंकरपासून बोट फिरवू द्या. तुळापूरला इंद्रायणी येऊन मिळते, म्हणजे देहू-आळंदीचं पाणीही पालख्यांसारखंच पंढरीला निघालेलं असतं. पुढे पुण्याहून आलेली मुळा-मुठा मिळते. हे सगळं उजनी धरणात साठतं. धरणाच्या खाली, नरसिंगपूरला नीरा येऊन मिळते आणि मग पंढरपूर.

आता खरा प्रश्न विचारा : “पंढरपुरात आठ दिवस थेंबभर पाऊस नाही. नदी चढेल का?” बहुतेक मुलं नाही म्हणतील. बऱ्याच पालकांचंही उत्तर तेच असेल. पण पुण्याकडच्या घाटमाथ्यावर पाऊस झाला आणि उजनीतून किंवा नीरेवरच्या वीर धरणातून पाणी सोडलं, तर वर निळं आभाळ असतानाही पायऱ्या पाण्याखाली जातात. उन्हाळ्यातही सोलापूर शहराच्या पिण्यासाठी नदीतून पाणी सोडलं जात आलं आहे. म्हणून निघायच्या आदल्या दिवशी विसर्गाची बातमी शोधणं हे एका मुलाचं ठरलेलं काम असू द्या.

बातमीत ‘क्युसेक’ हा शब्द येतो. दर सेकंदाला एक घनफूट, म्हणजे सुमारे २८.३ लिटर पाणी. १०,००० क्युसेक म्हणजे दर सेकंदाला २,८३,००० लिटर. दहा हजार लिटरचे टँकर किती? साधारण २८, आणि तेही एका सेकंदात. हे गणित स्वतः केलेलं मूल घाटावर आपला हात सोडून पळत नाही.

पाणी कमी असलं तरी निर्धास्त राहू नका. वाळू उपशामुळे पात्रात खड्डे झाले आहेत आणि वरून ते दिसत नाहीत. गुडघाभर पाण्यातून पुढचं पाऊल थेट खोलात जाऊ शकतं. त्यामुळे घाटाच्या पायरीवरच पाय भिजवायचे, मोठ्यांचा हात धरून. नावेत बसायचं तर लाईफ जॅकेट हवंच. बाकी सगळं मुलांनी ठरवावं, यावर मात्र मतदान नाही. मोठा पाऊस चालू असेल तर घाटाकडे फिरकूच नये. ऑक्टोबर २०२० मध्ये अशाच पावसात कुंभार घाटाजवळची भिंत कोसळून ६ जणांचा जीव गेला होता. आणखी एक, जरा अवघड वाटेल असं : नदीला नमस्कार करावा, पण तीर्थ म्हणून पाणी मुलांना पाजू नये. वरच्या शहरांचं सांडपाणी याच वाटेने येतं, हे नकाशावर त्यांनी पाहिलेलंच असतं.

मंदिराचं नियोजन त्या मानाने सोपं. मुखदर्शन लांबून असतं, पण लवकर होतं. पदस्पर्श दर्शनाला रांग मोठी. दोन्हींच्या वेळा आधी चौकशी करून मुलांनी वेळापत्रकात मांडाव्यात. आजी-आजोबा बरोबर असतील तर किती वेळ उभं राहता येईल, हे मुलांनीच त्यांना विचारावं.

महाद्वाराशी नामदेव पायरी आहे आणि तिच्यासमोर चोखोबांची समाधी. दर्शनाच्या घाईत ही जागा सहज निसटते, तिथे दहा मिनिटं राखून ठेवा. चोखोबांना हयातीत मंदिरात प्रवेश नव्हता. आणि १९४७ च्या मे महिन्यात, मंदिर सर्वांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींनी याच गावात प्राणांतिक उपोषण केलं, त्याआधी महाराष्ट्रभर दौरा केला. ‘श्यामची आई’ मुलांना माहीत असते, ही गोष्ट सहसा नसते. ती घरी सांगू नका, तिथेच सांगा. “समाधी बाहेर का?” हा प्रश्न मुलं आपणहून विचारतात. उत्तर गुळमुळीत देऊ नका.

उरलेल्या वेळात कैकाडी महाराजांचा मठ (मुलांना मूर्तींची ती वळणावळणाची वाट फार आवडते), गोपाळपूर, यमाई तलावाजवळचं तुळशी वृंदावन. सगळं बसवायचा हट्ट नको. बाजारात प्रत्येक मुलाला ठरावीक पैसे द्या. बुक्का, तुळशीची माळ, चुरमुरे, बत्तासे यांचे भाव लिहून आणायचे आणि विक्रेत्याला एकच प्रश्न विचारायचा : हे कुठे तयार होतं?

राहण्याची सोय भक्तनिवासात किंवा एखाद्या मठात बघा, फोन मुलांच्या समोरच करा. पुण्याहून अंतर सुमारे २१० किलोमीटर. थांबत गेलं तर पाच तास धरा. रेल्वेने येणाऱ्यांनी कुर्डुवाडीला गाडी बदलायची वेळ बघून ठेवावी. पुण्याच्या रस्त्याने जाणाऱ्यांना टेंभुर्णीच्या अलीकडे भीमानगरला उजनीची भिंत दिसते. जाताना पाच मिनिटं गाडी सुरक्षित जागी थांबवा. किती दरवाजे उघडे आहेत, ते मुलांना मोजून वहीत लिहू द्या, आणि घाटावर कुठवर उतरायचं ते त्यावरून ठरवू द्या.