ग्रंथ सातासमुद्रापार पाठवताना

वऱ्हाडचा कापूस एके काळी यवतमाळ व अचलपूरच्या छोट्या रेल्वेने मूर्तिजापुरास येई आणि मुंबई बंदरातून विलायतेच्या गिरण्यांकडे जाई. प्रेसमध्ये दाबून, लोखंडी पट्ट्यांनी आवळलेली कापसाची गाठ बोटीत कशीही टाकली तरी चाले. ग्रंथाचे तसे नाही. तो फार आवळला तर पुठ्ठा वाकतो; सैल राहिला तर आपल्याच वजनाने बांधणीतून निखळतो. आज आपल्याकडील अनेक घरांतील मुले परदेशी राहतात आणि आजोबांनी जपलेला ग्रंथ त्यांच्याकडे पाठविण्याचा प्रसंग येतो. म्हणून हे काम समजून घेणे अगत्याचे आहे.

जुने लेखनिक पोथीच्या अखेरीस विनवीत की, तेल, पाणी, सैल बांधणी आणि मूर्खाचा हात यांपासून हिला सांभाळा. टपालाने जाणाऱ्या ग्रंथाचे शत्रूही हेच चार होत.

पहिला शत्रू तेल, म्हणजेच डाग. ग्रंथ स्वच्छ, कोऱ्या, आम्लरहित कागदात गुंडाळावा. वर्तमानपत्र त्याला लागू देऊ नये. शाई उतरते आणि त्यातील आम्लाने शेजारचा कागद पिवळा पडतो. चिकटपट्टी वा रबर ग्रंथास लावू नये. पानांत ठेवलेला कडुनिंबाचा वाळलेला पाला काढून घ्यावा. असे वनस्पतींचे अवशेष अनेक देशांत अडविले जातात.

दुसरा शत्रू पाणी. जहाजावरील बंद कंटेनरमध्ये दिवसा हवा तापते व रात्री गार पत्र्यावर बाष्प जमून थेंब गळतात. त्यासाठी कागदावरून पॉलिथिनचे वेष्टन घालावे. मात्र ते पावसाळी, दमट दिवशी घालू नये, नाहीतर ओल आतच कोंडून बुरशी येते. ग्रंथ आधी उन्हात नव्हे, तर सावलीत, वाऱ्यावर कोरडा होऊ द्यावा. वेष्टनात सिलिका जेलची पुडी ठेवावी, पण ती पानांत घालू नये.

तिसरा शत्रू सैल बांधणी. ग्रंथाहून बोटभर मोठे असे खोक्याचे दोन जाड पुठ्ठे वर-खाली ठेवून बांधावे, म्हणजे कोपरे वाचतात. मग ग्रंथ खोक्यात आडवा ठेवून सर्व बाजूंनी सुमारे दोन इंच कागदी बोळे भरावे, आणि ते खोके आणखी एका मोठ्या खोक्यात बसवावे. बंद केल्यावर हलवून पाहावे. आत काही सरकले तर पुन्हा उघडावे. पत्त्याची एक चिठ्ठी आतही असावी. साध्या लाकडाची पेटी वापरल्यास लाकडावर कीडनाशक प्रक्रिया केल्याचा आंतरराष्ट्रीय शिक्का लागतो.

चौथा शत्रू मूर्खाचा हात. आणि तो आपलाच असू शकतो. १९७२ चा पुरावस्तू कायदा ५ एप्रिल १९७६ पासून अमलात आहे. साहित्यिक, ऐतिहासिक किंवा शास्त्रीय मोलाचे, ७५ वर्षांहून जुने हस्तलिखित वा दस्तऐवज खाजगी व्यक्तीस परदेशी पाठविता येत नाही. सहा महिने ते तीन वर्षे कैद होऊ शकते. शंका असल्यास भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणास आधी विचारावे. अशी पोथी कितीही चांगली बांधली, तरी तिने घर सोडता कामा नये.

मग दूरच्या वाचकाने काय करावे? उत्तर आपल्याच भागात आहे. अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजातील प्राध्यापक डॉ. हीरालाल जैन यांनी कारंज्याच्या जैन भांडारांतील अपभ्रंश ग्रंथ संपादून छापविले. षट्खंडागमाची मूळ ताडपत्रे कर्नाटकात मूडबिद्रीस होती; त्यांच्या नकलांच्या आधारे डॉ. जैन यांनी संपादिलेला पहिला खंड १९३९ मध्ये अमरावतीहून निघाला. मूळ ताडपत्रे जागीच राहिली आणि ग्रंथ मात्र जगभर पोहोचला.

आज पानापानाचे छायाचित्र घेऊन ते क्षणात पाठविता येते. तेव्हा छापील ग्रंथ नीट बांधून पाठवावा. पोथी मात्र घरी ठेवून तिची प्रत पाठवावी. हा विवेक हेच पुस्तकाचे सर्वांत मजबूत वेष्टन होय.