सुगरण पक्षी व मत्तयाचा सहावा अध्याय

(वाचन: मत्तय 6:25-34, 10:29, अनुवाद 22:6, 7)

डोंगरावरील प्रवचनात प्रभूने श्रोत्यांस पाखरांकडे निरखून पाहावयास सांगितले. हा पाठ शिकविताना एक प्रश्न हटकून निघतो: पाखरे पेरीत नाहीत, तर आम्ही तरी नांगर कशास धरावा? आटपाडीसारख्या पर्जन्यछायेतील मुलखात, जेथे मृगाचा पाऊस हुलकावणी देतो, तेथे हा प्रश्न थट्टेने विचारला जात नाही. तरी उत्तर देण्यापूर्वी प्रभूच्या आज्ञेप्रमाणे आधी निरखावे हे बरे.

पावसाळ्यात विहिरीवर ओणवलेल्या बाभळीखाली उभे राहावे. नावावरून लोक समजतात की, सुगरण मादी घरटे विणते. परंतु विणणारा नर होय. या दिवसांत त्याचे डोके व छाती पिवळी होते. पात्याच्या कडेस चोचीने खाच पाडून तो लांब धांदोटी फाडतो, आणि अशा शेकडो धांदोट्यांच्या गाठी मारून घरटे विणतो. ते अर्धे होताच त्यास लोंबकळून पंख फडफडवीत चिवचिवाट करितो. मादी आत शिरून पारख करिते. तिला पसंत पडले तरच तो अंड्यांची खोली व खाली उतरणारी नळी पुरी करितो. नापसंत घरटी बहुधा अर्धवटच राहतात. सलीम अली यांनी 1930 साली अलिबागेजवळ किहीम येथे हे सर्व बारकाईने पाहिले व पुढील वर्षी छापले. मादी अंड्यांवर बसली म्हणजे नर दुसरे घरटे विणून दुसरी मादी आणितो, हेही त्यांनी दाखविले. सबब उपदेशकांनी हे पाखरू लग्नाच्या उपदेशात आणू नये!

तर पाखरू आळशी नाही. पाऊस लांबला तर हिरवे पाते येईतो ते थांबते, आणि पाते येताच कामास लागते. प्रभूने चिंता वर्ज्य केली, कष्ट नव्हे.

परंतु दुष्काळात पाखरेही मरतात, हे शेतकरी जाणतो. प्रभूही जाणत होता. चिमणी भूमीवर पडते असे तोच दहाव्या अध्यायात म्हणतो, मात्र ती पित्यावाचून पडत नाही. म्हणून ज्याची चूल विझली आहे त्याच्या दारी हा पाठ वाचून रिकाम्या हाताने परतू नये. याकोब 2:15, 16 त्याच दिवशी वाचावे.

बाजरी भरली की सुगरणींचे थवे कणसांवर उतरतात. तेव्हा गोफण फिरवून त्यांस हाकण्यात पाप नाही. परंतु पोरे अंड्यांसकट घरटी ओढून काढितात, त्यांस अनुवादातील वचने समजावून द्यावी. हंगाम सरल्यावर वाऱ्याने पडलेले रिकामे घरटे शब्बाथ शाळेत आणून मुलांच्या हाती द्यावे, व त्यातील एक तरी गाठ त्यांस सोडविता येते काय ते पाहावे.