गोळी तीच, रक्त वेगळे

शिरूर आणि दौंड तालुक्यांत ऊसतोडीला व वीटभट्ट्यांवर आदिवासी कुटुंबेही येतात. कुणाला थंडीताप आला, रक्ततपासणीत 'व्हायवॅक्स' हिवताप निघाला, तर प्रायमाक्विनच्या गोळ्या १४ दिवस देतात. यकृतात दडलेले जंतू त्यांनी मरतात. नाहीतर ताप पुन्हा उलटतो.

पण हीच गोळी काहींना बाधते. तांबड्या पेशींचे रक्षण करणारे 'जी-सिक्स-पीडी' नावाचे द्रव्य त्यांच्या रक्तात जन्मतःच कमी असते. मग पेशी फुटतात, लघवी काळ्या चहासारखी होते, डोळे पिवळे पडतात, धाप लागते. हे कारण १९५६ साली अमेरिकेत उलगडले. मुलाला ही उणीव आईकडून मिळते आणि त्रास पुरुषांत जास्त दिसतो.

ही उणीव हिवतापापासून थोडे संरक्षणही देते, म्हणून हिवतापाच्या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्यांत ती टिकली. काही आदिवासी जमातींत ती आढळते, तशी पारशी समाजातही. मग यात कमीपणा कसला?

वस्तीवर जाताना एवढे करावे. 'घरात कुणाला औषधाने कावीळ झाली होती का?' हे गोळ्या सुरू होण्यापूर्वी विचारून डॉक्टरांना सांगावे. कुणी गरोदर असल्यास तेही सांगावे. त्यांना ही गोळी देत नाहीत. लघवीचा रंग रोज पाहायला शिकवावे. तो काळसर झाला, तर गोळी थांबवून त्याच दिवशी रुग्णाला आरोग्य केंद्रात न्यावे. त्रास नसेल, तर मात्र टोळी दुसऱ्या फडात हलली तरी १४ दिवस पुरे करून घ्यावेत.