एक मग आणि चिमूटभर पानं : चिनी चहाचं प्रॅक्टिकल

'चहा' हा शब्द मूळचा चिनी. शब्द आपण घेतला, पण करायची पद्धत काही घेतली नाही. गेल्या वर्षी मामा कंपनीच्या कामासाठी चीनमधल्या हांगझोऊला गेला होता. येताना त्याने माझ्यासाठी तिथला प्रसिद्ध 'लोंगजिंग' हा हिरवा चहा आणला. आम्ही होस्टेलवाल्यांनी तो आपल्या सवयीप्रमाणे पातेल्यात टाकून दणादण उकळला. झाला काय, तर कडू काढा! साखर घातली, लिंबू पिळलं, काही उपयोग नाही. निम्मा डबा असाच वाया गेला. शेवटी मामाला फोन केला. तो म्हणाला, "अरे, तिकडे रोजच्या चहाला कोणी पातेलं घेत नाही आणि गाळणंही नाही. मगमध्ये पानं टाकायची, गरम पाणी ओतायचं, बस!" मग प्रॅक्टिकल नव्याने केलं.

साहित्य : उंच काचेचा ग्लास किंवा मग (साधारण २५० मिली), अख्ख्या पानांचा हिरवा चहा ३ ग्रॅम (तळ झाकेल इतका), गरम पाणी. साखर, दूध नाही.

तत्त्व : चहा करणं म्हणजे सॉलिड-लिक्विड एक्स्ट्रॅक्शन. आपली रोजची पत्ती सीटीसी, म्हणजे मशीनमध्ये चिरडून, फाडून, गोळी केलेली. तिच्या पेशी आधीच फुटलेल्या असतात, त्यामुळे रंग झटकन उतरतो. लोंगजिंगची पानं अख्खी. त्यांच्यातून अर्क हळूहळू बाहेर येतो, म्हणून ती मगमध्ये तशीच राहिली तरी चालतं. दुसरा मुद्दा तापमानाचा. चहाला गोडसर चव देणारी अमिनो आम्लं कमी गरम पाण्यातही विरघळतात. तुरटपणा देणारी कॅटेचिन मात्र पाणी जितकं गरम तितकी भराभर उतरतात. आम्ही नेमकी हीच उकळून काढली होती!

कृती :
१) पाणी उकळा आणि झाकण उघडून चार-पाच मिनिटं थांबा. साधारण ८० अंश हवं.
२) ग्लासात पानं टाकून ती भिजतील इतकंच पाणी घाला, ग्लास हलकेच फिरवा. सुगंध आला की बाकीचं पाणी ओता.
३) दोन-तीन मिनिटं थांबा. पाणी शोषून पानं खाली बसू लागतात. तरंगणारी फुंकर मारून बाजूला करा आणि घोट घ्या.
४) सगळ्यात महत्त्वाचं : ग्लास कधीच रिकामा करायचा नाही. एक तृतीयांश उरला की पुन्हा गरम पाणी घाला. उरलेला कडक चहा नव्या पाण्यात मिसळतो, त्यामुळे दुसरा ग्लास एकदम फिका पडत नाही. असं दोन-तीन वेळा करता येतं.

खबरदारी : कडू लागलं तर पुढच्या वेळी आधी पानं कमी करा. ऊलाँग आणि पुअर या चहांना मात्र उकळतं पाणी चालतं, त्यांना हा ८० अंशांचा नियम लावू नका. रात्रभर राहिलेला मग सकाळी पिऊ नका.

थोडा इतिहास : पूर्वी चीनमध्येही चहाच्या दाबून केलेल्या वड्या असत आणि त्यांची पूड करून पीत. १३९१ मध्ये मिंग सम्राट होंगवूने नजराण्यात वड्या घेणं बंद करून सुटी पानं मागवली. त्यानंतर पानं गरम पाण्यात भिजवून पिण्याची पद्धत रूढ झाली. आज चीनमध्ये लांब पल्ल्याच्या रेल्वेच्या डब्यांत उकळत्या पाण्याची सोय असते. प्रवासी झाकणाच्या बाटलीत पानं घेऊन बसतात आणि वाटेत पाणी भरत राहतात.

निष्कर्ष : आम्ही सगळ्यांना सांगत सुटलो होतो की चिनी चहा भिकार असतो. चूक पानांची नव्हती, आमच्या कृतीची होती. एका पद्धतीचं मोजमाप दुसऱ्या पद्धतीला लावलं की रीडिंग चुकणारच. आता सबमिशनच्या रात्री टेबलावर एक मग असतो आणि त्यात पाणी पडत राहतं. डबा मात्र एक तृतीयांशच उरलाय. पण त्यात पाणी घालून तो वाढत नाही, मामालाच पुन्हा पाठवावं लागेल!