गज चुकीच्या बाजूने

कॉलेजात एनसीसीत असताना रायफलची सफाई म्हणजे फुलथ्रू आणि चिंदी. दोरीच्या एका टोकाला वजन, दुसऱ्या टोकाच्या फासात फ्लॅनेलची चिंदी. वजन चेंबरकडून सोडायचं आणि मझलकडून, म्हणजे नळीच्या तोंडाकडून, दोरी सरळ ओढायची. जरा तिरकी ओढली की उस्ताद खेकसायचे. का, ते मी कधी विचारलं नाही.

नोकरी लागल्यावर पन्नास मीटरच्या नेमबाजीसाठी पॉइंट टूटूची जुनी मॅच रायफल घेतली. हौस एवढी, की साठ गोळ्यांचा सराव झाला की लगेच तिची आंघोळ. तीन तुकडे जोडून होणारा पोलादी गज, पितळी ब्रश आणि सढळ हाताने तेल. रायफल दस्त्यावर उभी करायची, मझलमधून गज घालायचा आणि तांब्या घासावा तसा खालीवर करायचा. नळीतून आरशासारखा उजेड दिसला की मी खूश. दसऱ्याला झेंडूचं फूल वाहताना पाहुण्यांनाही दाखवायचो.

दोन वर्षांत गोळ्या आठात जायला लागल्या. पन्नास मीटरवर दहाचं वर्तुळ अवघं 10.4 मिलिमीटरचं आणि नऊचं 26.4, तिथे झाकपाक चालत नाही. मी गोळ्यांचा लॉट बदलला, स्लिंग बदलली, सकाळचा चहासुद्धा सोडला. शेवटी रेंजवरच्या आर्मररकाकांनी कान कोरायची कापसाची काडी मागवली. ती मझलमध्ये घालून कडेवरून बाहेर ओढली. एका बाजूला तंतू अडकले.

“गज इकडून घालता ना?” त्यांनी एवढंच विचारलं.

नळीच्या तोंडाच्या या कडेला क्राउन म्हणतात. गोळी नळीला शेवटची टेकते ती इथे. कड सगळीकडून सारखी असेल तर मागचा वायू चारी बाजूंनी एकदम सुटतो. एका जागी खरचटली असेल तर तो तिथून आधी निसटतो आणि गोळीच्या बुडाला धक्का देऊन जातो. पॉइंट टूटूची गोळी बहुधा उघड्या शिशाची, वर मेणाचा किंवा ग्रीसचा हात. तिने पोलाद सहजी झिजत नाही. माझी नळी झिजवली ती गजाने. तुकड्यांच्या सांध्यांशी बारीक कंगोरे होते आणि दर फेरीला ते त्याच जागी घासत होते.

तेव्हापासून माझी रीत अशी. आधी चेंबर रिकामं आहे हे डोळ्यांनी आणि बोटाने पाहायचं, मग बोल्ट काढायचा. गज अखंड, लेप दिलेला, आणि मूठ फिरणारी, म्हणजे चिंदी आतल्या पिळाबरोबर वळते. बोल्टच्या जागी गज मधोमध धरणारी बोअर गाइड बसवायची. ती नसेल तर गज घालूच नका, उस्तादांचा फुलथ्रू बरा. मझल किंचित खाली ठेवायचं, नाहीतर द्रावण ओघळून ट्रिगरमध्ये आणि लाकडात मुरतं. चिंदी पलीकडे निघाली की काढून टाकायची. तीच परत ओढली तर काढलेली घाण पुन्हा आत. ब्रश क्वचितच, आणि अर्ध्या नळीत उलटा फिरवायचा नाही. तांबं काढणारी अमोनियाची द्रावणं आपल्या कामाचीच नाहीत, या गोळीला तांब्याचं आवरण नसतं.

आणि दर वेळी लख्ख करायची गरजही नसते. बिडाचा तवा घासून पांढरा केला की पहिली दोन-तीन धिरडी चिकटतात, तसंच इथे. गोळ्यांवरच्या मेणाचा थर पुन्हा बसेपर्यंत माझ्या रायफलीच्या दहा-बारा गोळ्या भरकटतात. म्हणून स्पर्धेच्या आदल्या रात्री मी नळीला हात लावत नाही. पावसाळ्यात मात्र तेलाचा पातळ हात द्यायचा, रायफल फोमच्या पेटीत कोंडून ठेवायची नाही आणि नेमबाजीआधी कोरडी चिंदी फिरवायची.

माझी नळी लेथवर चढवून काही मिलिमीटर कापली, क्राउन नव्याने केला. गोळ्या परत नऊ-दहात आल्या.

2024 साली पॅरिसमध्ये स्वप्नील कुसाळे यांना याच पन्नास मीटरच्या रायफलीत कांस्य मिळालं. ते पाहून तुम्हीही जुनी रायफल घ्यायला निघाला असाल, तर पैसे मोजण्याआधी खिशात कापसाची एक काडी घेऊन जा.